चुना लावलेला बूट

मी एक जुना डावा बूट आहे. माझा जोडीदार उजवा शेजारीच असतो, पण त्याला बोलण्याचा कंटाळा. शिवाय जिच्या पायात आम्ही आमची उमेदीची वर्षे काढली ती बुर्गी डाव्या पायाने खेळणारी. त्यामुळे जे काही गोल झाले ते माझ्याकडून झाले आणि उजव्याने नुसते जमिनीवर घट्ट उभे राहायचे काम केले. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो. तो रागावत नाही, हा त्याचा मोठेपणा.

मित्रांनो, फुटबॉलचे जुने बूट आपली कहाणी सांगायला लागले की किती सामने मारले याचीच फुशारकी मारतात. माझ्यापाशीही तसे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण आठवायला बसलो की मला एकच प्रसंग आधी आठवतो, आणि तो आठवला की माझे चामडे आजही आक्रसते. तुम्हाला ठाऊक असेल, बुटालाही जीभ असते, नाड्यांच्या खाली. माझी जीभ आजवर कोणाला लागली नाही. बुर्गीची एकदा लागली, आणि ती चांगली मुलगी होती, हेच तर दुःख आहे.

माझा जन्म ओबरहेगच्या खाणवस्तीतल्या मोच्याकडे झाला. त्याने मला हरमान ब्रिंकमानच्या मापाने शिवले. हरमान खाणीत कोळसा काढायचा. माणूस आडदांड, पण पावले इतकी लहान की खाली उतरताना सोबती त्याला 'बाहुली' म्हणून हाका मारायचे. दुकानात त्याच्या मापाचे बूट फक्त पोरांच्या फळीवर मिळत, आणि तिथून बूट घ्यायला त्याला लाज वाटे. म्हणून खास शिवून घेतलेले आम्ही. हरमान वस्तीच्या संघात होता खरा, पण बहुतेक रविवार बाकावर बसून गेले. तरी सामना झाला की तो आम्हाला डुकराची चरबी चोळायचा आणि त्याची बायको थेक्ला आतून ओरडायची, "अरे, ती चरबी बटाटे तळायला ठेवलीय, तुझ्या त्या पायताणांना नव्हे!"

पुढे खाणीतल्या धुळीने हरमानची छाती धरली. आधी त्याचा खेळ सुटला, मग जिना चढणे सुटले, आणि मग तो गेला. थेक्लाने आम्हाला कोणाला दिले नाही. खाणीच्या फाटकासमोर तिची टपरी होती. पाव, वर्तमानपत्रे, बाटलीतली बिअर, व्हिनेगरमधल्या काकड्या आणि बरण्यांतली पोरांची गोळ्या-चॉकलेटे, असा तिचा माल. त्या बरण्यांच्या मागे आम्ही जाऊन बसलो. कोणी विचारलेच तर ती म्हणायची, "विकायचे नाहीत. बघायचेही नाहीत."

थेक्लाचे तोंड फार फाटके होते. खाणीतली पाळी संपवून वर आलेली माणसे काळ्या तोंडाने तिच्या खिडकीशी उभी राहायची, बाटली घ्यायची आणि चार शिव्या खाऊन समाधानाने घरी जायची. एखाद्याला ती ओरडली नाही तर त्याला वाटे, आपले काही चुकले की काय.

त्या काळात आमच्याकडे बायकांनी फुटबॉल खेळायचा नाही असा नियमच होता. तो उठला तशी वस्तीतल्या मुलींनीही आपला संघ काढला. पुरुषांनी त्यांना मैदान दिले ते जुने, लाल राखेचे. त्यावर पडले की गुडघ्यात राख भरते आणि जन्मभर निघत नाही. शिकवायला कोणी पुरुष तयार होईना. तेव्हा थेक्ला टपरीची खिडकी लावून मैदानावर आली, कारण एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज वस्तीत तिचाच होता. खेळातले तिला फारसे कळत नव्हते. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत समजले नाही. "थोतांड आहे ते! गोल मारायला पुढं जायचं नाही तर काय चर्चला जायचं?" असे ती पंचालाच विचारायची. ऑफसाइड मुलींनी आपापले शिकून घेतले. थेक्लाकडून त्या न घाबरायला शिकल्या.

त्यातच एक होती वाल्बुर्गा सोबोट्का, सगळ्यांची बुर्गी. काडीसारखी पोर, शाळेच्या कवायतीच्या कापडी बुटांत खेळायची. एके दिवशी तिच्या अंगठ्याचे नख उखडले. थेक्लाने पाय बघितला, देवाच्या नावाने काहीतरी वाईट बोलली आणि टपरीत जाऊन आम्हाला घेऊन आली.

"हे आमच्या हरमानचे. त्याच्या पायात होते तोवर यांनी एक गोल केला नाही. तू तरी करून दाखव."

खोटे कशाला सांगू, मित्रांनो, त्या दिवशी मला लाज वाटली. खाणकामगाराचा बूट मी, आणि पोरीच्या पायात? टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून तिने मला चढवले. माझा चेहरा पडला होता. मग तिने चेंडूला पहिला फटका दिला आणि गोलात उभी असलेली मोच्याची मुलगी चेंडू अडवायचे सोडून खाली बसली. माझी लाज त्या फटक्याबरोबर गेली. असली लाज बरी, मित्रांनो, ती अशी पटकन जाते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे दुखणे तुम्हाला कळायचे नाही. आमच्याकडे थोरांना आपण होऊन अगं-तुगं करता येत नाही. ते थोराने द्यावे लागते. धाकट्याने कधी मागायचे नसते. एकदा दिले की ते कायमचे, आणि 'तू' वरून पुन्हा 'तुम्ही' वर येणे म्हणजे माणसाला दाराबाहेर काढून कडी लावणे. संघातल्या साऱ्या मुली थेक्लाला "ब्रिंकमानबाई, तुम्ही" असेच म्हणत. तिचे 'तू' सहजी कोणाला मिळत नसे.

बुर्गीला ते मिळाले एका हरलेल्या सामन्यानंतर. शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली होती आणि बुर्गीने ती आडव्या दांडीच्या वरून घालवली. चूक तिची नव्हती, मी चेंडूच्या जरा जास्तच खाली घुसलो. ती टपरीच्या मागे रिकाम्या खोक्यावर बसून हुंदके देत होती. थेक्ला बाहेर आली आणि माल्टच्या, म्हणजे बिननशेच्या गोड बिअरच्या, दोन बाटल्या उघडून तिच्या शेजारी बसली.

"झालं का रडून?"

"नाही, ब्रिंकमानबाई."

"मग रड. पण ते ब्रिंकमानबाई आता पुरे. मी थेक्ला."

"पण तुम्ही..."

"तू."

बुर्गीने नाक ओढले. "तू... थेक्ला."

"हं. आता पी. आणि बाटली परत कर, नाहीतर त्याच्यावरून ओरडेन."

त्या संध्याकाळी घरी जाताना बुर्गी वाटभर पुटपुटत होती, "तू, थेक्ला. अगं थेक्ला." हरून आलेली मुलगी इतकी आनंदात चालताना मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतरची वर्षे आमच्या भरभराटीची. बुर्गी दिवसा पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि संध्याकाळी खेळायची. आधी जिल्ह्याने तिला बोलावले, मग प्रांताने. वर्तमानपत्रात तिच्या डाव्या पायाचे नाव येऊ लागले, म्हणजे एका परीने माझेच. दर रविवारी सामना झाला की ती टपरीवर जायची. थेक्ला तिला मैदानात काय काय चुकले ते सांगायची. त्यातले निम्मे चूक असायचे. बुर्गी मान हलवून ऐकायची आणि बरण्यांतल्या गोळ्या चोरायची.

आणि एके दिवशी देशाच्या संघाचे बोलावणे आले. वस्तीने बँड वाजवला. थेक्ला बँडवाल्यांना म्हणाली, "जरा हळू वाजवा रे, पोरगी लढाईवर नाही चालली." मग टपरीत जाऊन तिने बराच वेळ डोळे पुसले. आम्ही पिशवीतून पाहिले.

शिबिरात गेल्यावर सगळ्या मुलींना बुटांच्या एका कंपनीने नवे बूट दिले. काळेभोर, बाजूला मोठा पांढरा बाण. सामन्यात तेच घालायचे, असा हुकूम होता. बुर्गीने दोन दिवस घातले आणि तिच्या टाचांची साल निघाली. सामना तोंडावर आलेला. खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली, "अगं, जुनेच घाल की. बाण काय, रंगवता येतो." दोघींनी कुठूनशी पांढऱ्या तैलरंगाची डबी पैदा केली आणि बुर्गीने जीभ बाहेर काढून, मन लावून आमच्या अंगावर बाण काढले.

ज्या अंगाला हरमानने चरबी चोळली त्या अंगावर दुसऱ्याच्या नावाची खूण आली. मला ते फार लागले. पण मी तिची बाजूही समजून घेतली. आम्हाला टाकायचे नव्हते म्हणून तर ती हा खटाटोप करत होती. अगदी खरे सांगायचे तर आरशात पाहिल्यावर मी जरा रुबाबदारही दिसत होतो.

तो सामना आम्ही जिंकला. शेवटचा गोल माझा. शिटी वाजली तसे मैदानाच्या कडेला सगळे गोळा झाले. फुटबॉल संघटनेचे एक डॉक्टरसाहेब, केसांना तेल लावलेले, बुर्गीच्या खांद्यावर हात ठेवून उभे. कंपनीचा माणूस हसत होता, आणि टीव्हीवाला कॅमेरा घेऊन समोर. बुर्गी छान बोलत होती. वस्तीतली बोली गिळून, पुस्तकातल्यासारखे शब्द तोलून बोलत होती. मला तिचे कौतुक वाटले.

तेवढ्यात दोरीखालून वाकून थेक्ला आली. वस्तीची माणसे बस करून सामना बघायला आली होती, त्यांना मागे टाकून ती एकटीच पुढे घुसली होती. अंगावर टपरीतला फुलाफुलांचा झगा, आणि पोटाशी फडक्याने झाकलेले कल्हईचे मोठे भांडे.

"बुर्गी! अगं दुसऱ्या हाफमध्ये कोळशाच्या पोत्यासारखी पळत होतीस! पोटात काही नसणार तुझ्या. हे घे, बटाट्याचं सॅलड आणलंय, खिम्याचे वडेपण आहेत खाली."

डॉक्टरसाहेबांच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. टीव्हीवाला मजा वाटून कॅमेरा थेक्लाकडे वळवू लागला. आणि थेक्लाची नजर खाली आमच्याकडे गेली.

"अगं बाई! हे तर आमच्या हरमानचे बूट! आणि हे पांढरं काय फासलंस त्यांना?" ती मोठ्याने हसली. "कंपनीला चुना लावलास की काय गं, कार्टे?"

कंपनीचा माणूस हसायचा थांबला आणि वाकून बघू लागला. माझ्या आत बुर्गीची बोटे गोळा झाली. पायाला एकदम गार घाम फुटला. मला वाटले, आता ती हसेल आणि सांगून टाकेल. दोन घास खाईल, फार तर ओरडा खाईल, आणि संपेल सारे.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," बुर्गी त्याच पुस्तकी आवाजात म्हणाली. "हे कंपनीचेच बूट आहेत. तुम्ही इतक्या लांबून आलात, फार आनंद झाला, ब्रिंकमानबाई."

टीव्हीवाल्याने विचारले, "या कोण?"

"आमच्या गावच्या," बुर्गी म्हणाली. "टपरीवाल्या बाई आहेत."

मित्रांनो, मी चामड्याचा. मला पाणी लागते, थंडी लागते, दगड लागतो. शब्द लागतो हे मला त्या दिवशी कळले. थेक्लाने काही आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. तिने फक्त भांड्यावरचे फडके नीट केले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "वय झालं, डोळ्यांनी धड दिसत नाही. माफ करा, सोबोट्काबाई. तुम्ही छान खेळलात."

आणि भांडे घेऊन, दोरीखालून वाकून, ती परत गेली.

त्या दिवशी खोलीत बाकीच्या मुली गात होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. बुर्गी भिंतीकडे तोंड करून बसली होती. आमच्या नाड्या सोडायला तिची बोटे चालेनात. वस्तीकडे परतणाऱ्या बसमध्ये थेक्लाचे ते भांडे कोणीच उघडले नाही, हे मला नंतर कळले.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आधी टपरीवर गेली. खिडकीशी म्हातारा अलॉइस बाटली घेऊन उभा होता. खाणीतून निवृत्त झाल्यापासून तो तिथेच उभा असे.

"थेक्ला..." बुर्गी म्हणाली.

"या, सोबोट्काबाई. काय देऊ तुम्हाला?"

अलॉइसने बाटली तोंडापासून दूर केली. "काय गं थेक्ला, बुर्गीला अहो-जाहो? कालपर्यंत तिचा शेंबूड पुसत होतीस ना?"

"तू आपलं तोंड पूस, फेस लागलाय. गिऱ्हाइकाला मी अहोच म्हणते. अगं म्हणायचं ते घरच्यांना."

"मी माफी मागायला आलेय," बुर्गी म्हणाली.

"माफी कसली? चारचौघांत तुम्ही मला मान दिलात. मान दिल्याबद्दल कोणी माफी मागतं का? पाव ताजे आहेत. देऊ थोडे?"

बुर्गीने पाव घेतले. घरी जाऊन ते टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. आई म्हणाली, "पुन्हा जा." वडील म्हणाले, "कितीदा जाईल? तिनं स्वतःच्या हातानं कडी लावलीय. आता थेक्लानं उघडली तरच." आणि ते खरे होते. धाकटीने 'तू' मागायचे नसते. बुर्गीला सगळ्या जगाकडे काहीही मागता आले असते, एवढे एक सोडून.

लोक म्हणत, बुर्गी सोबोट्काचे नशीब उजळले. ती कर्णधार झाली. चषक आले. दर वेळी वस्तीत बँड वाजे, आणि दर वेळी थेक्ला पहिल्या रांगेत उभी राहून व्यवस्थित टाळ्या वाजवी. मग पुढे येऊन हात पुढे करी. "अभिनंदन, सोबोट्काबाई." त्या वेळी बुर्गीचे कान लाल होत आणि ती आमच्याकडे, म्हणजे खाली, बघत राही. तिला वाटे, थेक्लाने एखादी शिवी द्यावी. थेक्ला अख्ख्या वस्तीला शिव्या द्यायची. फक्त बुर्गीला नाही.

रंगाचे पोपडे निघत, बुर्गी पुन्हा ब्रश घेऊन बसे. आता तिची जीभ बाहेर नसे. एकदा माझी शिवण उसवली आणि तिने एक शब्द न बोलता कंपनीचे नवे बूट घेतले, टाचांची साल काढून घेतली, पण घातले. आम्ही खोक्यात गेलो, पलंगाखाली. तिथे किती वर्षे गेली कोण जाणे. माझ्या जिभेवर बुरशी आली. उजवा तेव्हाही काही बोलला नाही.

मग एका सामन्यात बुर्गीचा गुडघा वळला आणि आतले काहीतरी तुटले. खेळ संपला. ती वस्तीत परत आली, पुन्हा पोस्टाच्या खिडकीत बसली. तोवर खाणही बंद पडली होती. फाटकाला कुलूप लागले होते, तरी समोरची टपरी चालू होती. थेक्लाच्या चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. संध्याकाळी बुर्गी पाव घ्यायला जायची. "नमस्कार, ब्रिंकमानबाई." "नमस्कार, सोबोट्काबाई." एवढेच.

अशात एके दिवशी संघटनेतून फोन आला. मोठ्या शहरात काचेचे कपाट करणार होते, बायकांच्या संघाच्या जुन्या वस्तूंचे. त्यांना बुर्गीचे त्या पहिल्या सामन्यातले बूट हवे होते. बाण दिसला पाहिजे, कारण कपाटाला पैसे कंपनी देणार होती.

बुर्गीने खोके ओढले आणि आम्हाला बाहेर काढले. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मग कोटाच्या खिशात काहीबाही टाकून आम्हाला घेऊन ती टपरीवर गेली. दुपार होती. थेक्ला बाहेर स्टुलावर उन्हात बसली होती. अलॉइस भिंतीला टेकून उभा होता.

"ब्रिंकमानबाई, हे हरमानचे बूट. संघटनेला हवेत."

"मग द्या."

"बाणासकट हवेत. खाली कंपनीच्या नावाची पाटी लावणार आहेत."

"लावू द्या की. दिलेले बूट मी परत मागत नाही, सोबोट्काबाई."

बुर्गी टपरीच्या पायरीवर बसली. तिचा दुखरा गुडघा नीट वाकत नव्हता.

"मी त्या दिवशी बुटांसाठी खोटं नव्हते बोलले," ती म्हणाली. "इतकी वर्षं लोकांना वाटतंय की मी कंपनीला घाबरले. तसं नव्हतं. मला तुमची लाज वाटली. तुमच्या झग्याची, त्या भांड्याची, तुमच्या ओरडण्याची. तो डॉक्टर हसला ना, त्याच्याबरोबर मला पण हसावंसं वाटलं. बुटांचं नुसतं निमित्त झालं."

अलॉइस खाली बघू लागला. मला वाटले, उजव्याने तरी आता काही बोलावे, कोणीतरी काही बोलावे.

"माहितेय मला," थेक्ला म्हणाली. "तुम्ही भांड्याकडे बघितलंत ना, तेव्हाच कळलं. बूट मी उगाच मध्ये आणले, असं नंतर वाटलं." तिने पावांच्या रिकाम्या फळीकडे पाहिले. "पाव संपलेत आज."

झाले. एवढ्या वर्षांनी खरे सांगून टाकले आणि त्याचेही काही झाले नाही. बुर्गीने डोळे मिटले. मग तिने कोटाच्या खिशातून टर्पेंटाइनची बाटली काढली, चिंधी काढली आणि तारेचा ब्रश काढला. मला उचलून मांडीवर दाबले आणि बाणावर टर्पेंटाइन ओतून ती ब्रशने खसाखसा घासू लागली. रंग निघू लागला. रंगाबरोबर मीही निघू लागलो. मला ओरडता आले असते तर खाणीच्या बंद फाटकापर्यंत ऐकू गेले असते. तिचे डोळे भरले होते, तिला काही दिसत नव्हते, हात थांबत नव्हता.

"अगं, अगं, अगं! काय करतेस हे!" थेक्ला स्टुलावरून उठलीच. "तारेच्या ब्रशनं चामडं घासतात का? सोलून काढशील बिचाऱ्याला! आण इकडे, अडाणी कुठली!"

बुर्गीचा हात जागच्या जागी थांबला. अलॉइसने बोलायला तोंड उघडले आणि जन्मात पहिल्यांदा शहाणपणा करून मिटले.

ते 'अगं' निसटले होते की दिले होते? निसटले असेल तर थेक्ला ते आत्ता मागे घेणार, "माफ करा, सोबोट्काबाई" म्हणणार, आणि मग पुन्हा कधी ते यायचे नाही. थेक्लालाही कळले होते आपण काय बोललो ते. तिने चष्मा काढला, झग्याला पुसला, पुन्हा घातला. तिने मला बुर्गीच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले.

"चिंधी कुठंय?" ती म्हणाली.

या वाक्यात 'तू' नव्हते, 'तुम्ही'ही नव्हते. बुर्गीने चिंधी पुढे केली. इतक्या वर्षांची सवय तोंडात बसलेली, तीच बाहेर आली.

"घ्या."

थेक्लाने चिंधी घेतली नाही.

"काय म्हणालीस?"

"चिंधी... घ्या."

"घ्या? कोणाला घ्या म्हणतेस? इथं दुसरं कोण बसलंय?"

बुर्गीच्या गालांवरून पाणी ओघळत होते. "घे," ती म्हणाली.

"आँ? जरा मोठ्यानं बोल. म्हातारी झालेय मी, कमी ऐकू येतं."

"घे, थेक्ला."

थेक्लाने चिंधी हिसकावून घेतली, तिला टर्पेंटाइनचा नुसता हात लावला आणि मला हलके हलके पुसू लागली. पुसताना तिचे तोंड चालूच होते. पोस्टात काम करून माणसाची अक्कल कशी जाते, सोबोट्कांच्या घरात कोणालाच कसे काही धड करता येत नाही, हरमान असता तर काय म्हणाला असता, आणि असे पोस्टात चिकटवायच्या पाकिटासारखे तोंड करून काय बसलीस. बुर्गी पायरीवर बसून शिव्या खात होती. एकेक शिवी तिने पोटभर खाल्ली.

बाण निघाला. बाण नसलेले बूट संघटनेला नको होते, त्यांनी दुसऱ्या मुलीचे घेतले. त्यानंतर थेक्ला आणखी काही वर्षे होती. ती गेल्यावर टपरीही पाडली.

आता आम्ही वस्तीच्या क्लबात चषकांच्या कपाटात असतो. माझ्या बाजूला चामडे सोलल्याची जागा आहे. तिथे कितीही तेलपाणी केले तरी रंग धरत नाही. नव्या मुली खेळायला येतात, त्यांना बुर्गी शिकवते. कोणी ना कोणी माझ्याकडे बोट दाखवून विचारतेच, "याला काय झालं?" बुर्गी बसते आणि सगळे सांगते. 'टपरीवाल्या बाई' हे शब्दही ती गाळत नाही. ते शब्द आले की तिचे कान अजून लाल होतात.

मित्रांनो, बुटांची निगा राखा म्हणून मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुमचे मोठे सांगतीलच. माझे एवढेच मागणे आहे. तुमचेही कोणीतरी असे असेल, ज्यांचे कपडे जुने, आवाज मोठा आणि हातात झाकलेले भांडे. आणि कधीतरी एखादा तेल लावलेला साहेब तुम्हाला विचारेल, "या कोण?" तेव्हा जे नाते असेल ते मोठ्याने सांगा. सांगताना लाज वाटेल. वाटू द्या, पण सांगा. ती लाज घटकाभराची असते. न सांगितल्याची लाज बुर्गीला अजून पुरते आहे.